मसाल्याच्या वहीला २२ लाख कसे, असं आयकरवाले विचारतायत. काय उत्तर द्यावं?

वाटीवाली | २९ मार्च २०२५, रात्री ११:४०

उद्या पाडवा. गुढीची काठी अजून माळ्यावरच आहे आणि मी आयकराची ऑर्डर तिसऱ्यांदा वाचत बसलेय. यातून कुणी गेलं असेल तर सांगा.

मी आणि माझा धाकटा भाऊ, आमची भागीदारी फर्म. ऑगस्ट २०२२ मध्ये आम्ही पेठेतल्या एका काका-काकूंचा मसाल्याचा धंदा विकत घेतला. गोडा मसाला, काळा मसाला, मेतकूट, दोन कोरड्या चटण्या आणि लोणचं. काकांची सत्तरी उलटलेली, मुलगा परदेशात, त्याला यात काडीचा रस नाही. वर्षाची विक्री १ कोटी ६० लाखांच्या आसपास, त्यातलं लोणचं २० लाखांचं. सौदा ठरला १ कोटी २० लाखांना. करारात रकमा फोडून लिहिल्यात. यंत्रं १४ लाख, माल ११ लाख, ट्रेडमार्क ४८ लाख, पाककृती आणि बनवण्याचं ज्ञान २२ लाख, दुकानदारांची यादी १० लाख, आणि काकांनी पाच वर्षं पुणे जिल्ह्यात हाच धंदा करायचा नाही याचे १५ लाख.

शेवटच्या चार बाबींचे होतात ९५ लाख. त्यावर आम्ही २५ टक्के घसारा (किमतीचा काही भाग दरवर्षी खर्च म्हणून उत्पन्नातून वजा करणं) घेतला, २३ लाख ७५ हजार. केस स्क्रुटिनीत (सखोल तपासणीत) गेली, सगळं ऑनलाइन, फेसलेस, माणसाचं तोंड दिसलं नाही. २१ मार्चला ऑर्डर आली. ट्रेडमार्कचे १३ लाखच मान्य. त्यातले उरलेले ३५, पाककृतीचे २२ आणि यादीचे १० असे ६७ लाख म्हणजे गुडविल (धंद्याच्या नावलौकिकाची किंमत), आणि गुडविलवर घसारा नाही. धंदा न करण्याचे १५ लाख हीसुद्धा घसाऱ्याची मालमत्ता नाही. एकूण साडेवीस लाखांचा घसारा उडाला. कर आणि व्याज मिळून डिमांड ८ लाखांच्या जरा आत. दंडाची नोटीस वेगळी.

ट्रेडमार्कचं एक वेळ समजू शकते. पण पाककृतीबद्दल ऑर्डरमध्ये लिहिलंय की अशी काही पाककृती अस्तित्वात असल्याचा पुरावाच दिला नाही. हे मात्र जिव्हारी लागलं.

कारण पुरावा माझ्या कपाटात आहे. दोनशे पानी वही, पुठ्ठा सुटलेला, तीन रंगांच्या शाईत काकूंचं अक्षर. मापं सगळी वाट्यांत. वाटी म्हणजे कुठलीही नव्हे, काकूंच्या सासूबाईंची पितळी वाटी, एका बाजूला चेपलेली. करार झाला त्या दिवशी काकूंनी वही दिली आणि म्हणाल्या, "वाटी पण ने, नाहीतर वहीचा उपयोग नाही." घरी आल्यावर मी वजनकाट्यावर तोलली, धने भरून, शीग काढून. दुकानातल्या वाटीपेक्षा जवळजवळ पाचव्या हिश्श्यानं कमी भरतात. नंतर काकू चाळीस दिवस धायरीच्या गाळ्यावर येऊन बसल्या. दगडफूल कधी टाकायचं ते त्या घड्याळ बघून सांगत नाहीत, कढईचा आवाज बदलला की सांगतात.

नोटीस आली तेव्हा वहीची पानं अपलोड करा म्हणाले. मी केली नाहीत. २२ लाख देऊन घेतलेलं गुपित पीडीएफ करून पोर्टलवर टाकायचं? आमच्या सीएनं "व्यावसायिक गोपनीयता" असं एका ओळीत लिहून दिलं, आणि तिथेच घात झाला असं आता वाटतंय.

अपिलात जावं का? आणि वहीचं काय करू?

---

भेळभत्ता | ३० मार्च, सकाळी ७:१५

२२ लाख? आमच्या आईची गोडा मसाल्याची कृती मी १० लाखांत देतो, वर डबा फुकट. पाडव्याच्या शुभेच्छा!

---

वाटीवाली | ३० मार्च, सकाळी ९:०२

चाळीस दिवस शिकवायला आई येणार का तेवढं विचारा, मग बोलू. तुम्हालाही शुभेच्छा.

---

सहकारनगर सीए | ३० मार्च, दुपारी ४:३०

श्रीखंडपुरी झाली, आता लिहितो.

ताई, अपिलात जा. फॉर्म ३५, फी १,००० रुपये, डिमांड नोटीस मिळाल्यापासून ३० दिवस. म्हणजे २० एप्रिलच्या आत, आणि शेवटच्या दिवशी पोर्टलवर विसंबू नका. २० टक्के भरले की बाकीच्या वसुलीला सहसा स्थगिती मिळते. तुमच्या बाबतीत दीड लाखाच्या थोडं वर जाईल. दंडातून माफी मागायची कलम २७०एए ची वाट आहे, पण त्यासाठी कर-व्याज पूर्ण भरून अपिलावर पाणी सोडावं लागतं. दोन्ही मिळत नाही. वही सोडली तर तुम्ही सगळे कागद दिले होते, काही लपवलं नव्हतं, त्यामुळे दंडाला घाबरून अपील सोडू नका.

आता मूळ दुखणं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्मिफ्स सिक्युरिटीजच्या निकालात गुडविल ही घसाऱ्याची मालमत्ता आहे असं म्हटलं. त्यानंतर आठ-नऊ वर्षं आम्ही खरेदीदाराची कागदपत्रं करताना नावाची फारशी फिकीरच केली नाही. ट्रेडमार्क म्हणा, गुडविल म्हणा, दर तोच २५ टक्के. भांडण व्हायचं ते आकड्यावर. २०२१ च्या वित्त कायद्यानं गुडविल घसारा मिळणाऱ्या मालमत्तांतून बाहेर काढलं आणि भांडण आकड्यावरून नावावर आलं. त्या दिवसापासून प्रत्येक खरेदीदाराच्या करारातून गुडविल हा शब्द गायब झालाय. तुमच्याही करारात तो नाही ना? अधिकाऱ्यालाही हे दिसतं. धंदा विकला आणि गुडविल शून्य, हे त्याला पटत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही पूर्ण पटत नाही.

शिवाय एक गोष्ट बघा. काकांनी स्वतः उभारलेला ट्रेडमार्क असो, माल बनवण्याचा हक्क असो की गुडविल, तिन्हींचा खरेदीखर्च कायद्यानं शून्य धरतात आणि आलेली रक्कम जवळजवळ सगळी दीर्घकालीन भांडवली नफा होते. तेव्हा दर २० टक्के होता. म्हणजे कुठल्या नावाला किती लिहिलं याचं काकांना सोयरसुतक नव्हतं. फक्त धंदा न करण्याचे पैसे त्यांना कलम २८(व्हीए) खाली धंद्याचं उत्पन्न म्हणून, चढ्या दरानं, टोचले असणार, म्हणून तो आकडा १५ वर थांबला. बरोबर? त्या १५ लाखांची घासाघीस खरी असते. बाकीची विभागणी एकट्या खरेदीदाराच्या सोयीनं झालेली असते, आणि अधिकारी नेमकं तिथे बोट ठेवतो.

त्या १५ लाखांवर घसारा मिळतो का, यावर उच्च न्यायालयांचं एकमत नाही. दिल्लीनं २०१२ मध्ये शार्प बिझनेस सिस्टमच्या केसमध्ये नाकारला. पण आपलं मुंबई उच्च न्यायालय २०१९ च्या पिरामल ग्लासच्या निकालात खरेदीदाराच्या बाजूनं गेलंय. पुण्याला मुंबईचा निकाल लागू. हा मुद्दा अपिलात सगळ्यात वर ठेवा.

दुकानदारांच्या यादीसाठी अरेव्हा टी अँड डीचा निकाल, दिल्ली उच्च न्यायालय, २०१२. धंद्याची माहिती, करार, नोंदी हे सगळं "तत्सम व्यापारी हक्कांत" बसतं असं त्यात म्हटलंय. मात्र तुमची यादी म्हणजे नुसती नावं-पत्ते असतील तर उपयोग नाही.

पाककृतीबद्दल कलम ३२ चं स्पष्टीकरण ४ वाचा. माल बनवायला किंवा त्यावर प्रक्रिया करायला मदत करणारी औद्योगिक माहिती किंवा तंत्र, अशी "नो-हाऊ"ची व्याख्या आहे. दगडफूल कधी टाकायचं हे त्यात चपखल बसतं. फक्त दाखवायला हवं होतं.

दोन प्रश्न. काकांनी त्यांच्या रिटर्नमध्ये ही रक्कम काय नावानं दाखवली? आणि तुमचा किमतीचा आकडा कमी करताना अधिकाऱ्यानं कलम ४३(१) च्या स्पष्टीकरण ३ चा आधार घेतलाय का? घेतला असेल तर जॉइंट कमिशनरची आधी मंजुरी लागते. ऑर्डरमध्ये तिचा उल्लेख शोधा.

---

भोसरी जॉबवर्क | ३० मार्च, रात्री ८:५०

मी २०१९ ला एक हीट ट्रीटमेंटचं युनिट घेतलं. करारात एकच आकडा, खाली "सर्वसमावेशक". मग रिपोर्ट करून आम्ही तो आकडा फोडला आणि आयकरवाल्यांनी फोडणीच फेकून दिली. अपील टाकून पावणेतीन वर्षं झाली, अजून तारीख नाही. २० टक्के भरा आणि धंद्याला लागा. रोज पोर्टल उघडून बघू नका, बीपी वाढतं. स्वानुभव.

---

वाटीवाली | ३१ मार्च, सकाळी १०:२०

सीएसाहेब, स्पष्टीकरण ३ चा उल्लेख ऑर्डरमध्ये आहे, मंजुरीचा कुठेच नाही. चारदा शोधलं.

आणि काकांच्या रिटर्नचं विचारलंत ते बरं झालं. काल संध्याकाळी पाडव्याला त्यांच्याकडे गेलेच होते. काकूंनी पानात श्रीखंड वाढलं आणि काकांनी पिशवीतून फाइल काढली. त्यांच्या सीएनं भांडवली नफ्याच्या रकान्यात ट्रेडमार्क, पाककृती, यादी सगळं एकत्र करून एकच ओळ लिहिलीय. "गुडविल, ८० लाख."

मी घास तसाच धरून बसले. अधिकाऱ्यानं कलम १३३(६) ची, माहिती मागवण्याची नोटीस काढून काकांकडून हेच मागवलं होतं. काकांना वाटलं नेहमीची चौकशी, पाठवून दिलं. आम्हाला सांगायचं त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. "कर तर तेवढाच लागतो ना गं?" असं ते मला समजावत होते. आणि त्यांच्या बाजूनं ते खरंही आहे!

---

आकडेमोड | ३१ मार्च, रात्री ९:१०

मी नोंदणीकृत मूल्यांकनकार आहे, अमूर्त (ट्रेडमार्क, ज्ञान अशा) मालमत्तांचं काम करते. तुमच्या पोस्टमध्ये मूल्यांकनाच्या अहवालाचा उल्लेखच नाही याचं नवल वाटलं. अहवाल कधीचा आहे, कुठली पद्धत, वाढीचा दर काय धरला?

---

वाटीवाली | ३१ मार्च, रात्री ९:४५

डिसेंबर २०२२ चा. करारानंतर चार महिन्यांनी केला. ट्रेडमार्कसाठी "रॉयल्टीची बचत" पद्धत, म्हणजे नाव भाड्यानं घेतलं असतं तर द्यावी लागणारी रक्कम वाचली ती: विक्रीवर ३ टक्के रॉयल्टी, पाच वर्षं दरसाल २२ टक्के वाढ, नंतर कायमची ५ टक्के, डिस्काउंट रेट (पुढच्या पैशांची आजची किंमत काढायचा दर) १८ टक्के. त्यात जवळपास ५० लाख आले, करारातल्या ४८ ला पुष्टी म्हणून. पाककृतीला पद्धत नाही, "वाटाघाटीनुसार" एवढंच. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी वाढ ९ टक्के झाली. अधिकाऱ्यानं ९ टक्के धरून १३ लाख काढलेत.

---

आकडेमोड | १ एप्रिल, दुपारी १:३०

आता चित्र स्पष्ट झालं. जरा कडू बोलते, रागावू नका.

आधी अधिकाऱ्याची चूक. मी तुमचे आकडे एक्सेलमध्ये टाकले. ९ टक्के वाढ, ३ टक्के रॉयल्टी, १८ टक्के डिस्काउंट, करानंतर. पाच वर्षांची बेरीज बरोब्बर १३ लाख येते. म्हणजे त्यांनी पाच वर्षांनंतरचं काहीच धरलेलं नाही, जणू पाचव्या वर्षी ३१ मार्चला ब्रँडचा बोर्ड उतरवणार! तुमच्याच अहवालातली कायमची ५ टक्के वाढ त्यांच्या ९ टक्क्यांच्या गणितात पुढे चालवली तर आणखी १८ लाख येतात, एकूण ३१. अपिलात हा तक्ता एका पानावर द्या. तत्त्वाचं भांडण लांबतं, बेरजेची चूक मात्र कुणालाही दिसते. ऑर्डरमध्ये त्यांनी मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवलं होतं का? कलम १४२ए खाली तशी सोय असते. नसेल तर स्वतःच केलेलं गणित आणि तेही अर्धवट, हा मुद्दा जोडा.

आता तुमची बाजू. खरेदीच्या दिवशी जे माहीत होतं त्यावरच किंमत ठरते, नंतरच्या निकालावरून अंदाज मोडता येत नाही, हा युक्तिवाद योग्य आहे आणि करावा. पण मग २२ टक्क्यांचा आधार त्या दिवशी काय होता? आधीच्या तीन वर्षांची वाढ, एखादी ऑर्डर, सुपरमार्केटशी चाललेलं बोलणं? कागद नसेल तर अहवाल ४८ आधी ठरवून मागून मांडलेला वाटतो. चार महिने उशिराची तारीख तर तेच ओरडून सांगते.

आणि लोणचं. रॉयल्टी पूर्ण १ कोटी ६० लाखांवर लावलीय. काकांची ट्रेडमार्क नोंदणी कुठल्या वर्गात आहे? मसाले ३० मध्ये येतात, लोणची २९ मध्ये.

---

सहकारनगर सीए | १ एप्रिल, दुपारी ३:१५

नोंदणी नसलेला ट्रेडमार्कसुद्धा विकता येतो, ट्रेडमार्क कायद्याचं कलम ३९. लोणचं आपणहून सोडायचं कारण नाही.

---

आकडेमोड | १ एप्रिल, दुपारी ३:४०

मान्य, पण करारात तो विकलाय का हे आधी बघा. मग कलम ३९.

---

वाटीवाली | १ एप्रिल, सायंकाळी ६:००

बघितलं. नोंदणी फक्त ३० ची, आणि करारात "सदर नोंदणी क्रमांकाचा ट्रेडमार्क" एवढंच. लोणचं गेलं. मीच तो मसुदा वाचून सही केली होती, कुणाला बोल लावू?

---

आकडेमोड | १ एप्रिल, रात्री १०:२५

मग लोणच्याचा आठवा हिस्सा वजा, ३१ चे आठ भागांतले सात, म्हणजे २७ लाख. एवढे टिकतील असं मला वाटतं. ४८ साठी लढा, पण घरात हिशेब २७ चा ठेवा.

पाककृतीचं वेगळं. तिथे किंमत काढायची रीत अशी: वही आणि काकू नसत्या तर तीच चव यायला तुम्हाला किती महिने लागले असते, आणि तोवर किती विक्री बुडाली असती. चाळीस दिवसांच्या प्रशिक्षणाची हजेरी, वाट्यांची ग्रॅममध्ये केलेली नोंद, फसलेले घाणे, हे सगळं आहे का? २२ च्या २२ लाख मिळतील असं म्हणत नाही. पण "अस्तित्वातच नाही" हे पुसलं जाईल.

आणि वही अपलोड करायची गरज नाही. प्रत्येक पानाची फक्त पदार्थाचं नाव आणि तारीख दिसेल अशी प्रत, मापांवर काळी पट्टी. मूळ वही सुनावणीत दाखवायची तयारी लिहून द्या. अपिलात नवा पुरावा घ्यायला नियम ४६ए खाली कारण लागतं. आधी का दिला नाही ते नीट लिहा, एका ओळीत नको.

---

सहकारनगर सीए | २ एप्रिल, सकाळी ८:०५

याला माझी पूर्ण संमती. काकांच्या "गुडविल" या शब्दानं तुम्ही बांधले जात नाही, करार दोघांच्या सहीचा आहे आणि तो आधीचा आहे. त्यांचं रिटर्न आता सुधारता येणार नाही, मुदत ३१ डिसेंबर २०२३ लाच संपली. पण प्रतिज्ञापत्र घ्या. आणि एक राहिलं. धंदा काकांच्या नावावर, वही काकूंची. मग ज्ञान विकलं कुणी? काकूंची करारावर सही आहे का?

---

वाटीवाली | २ एप्रिल, सकाळी ८:४०

आहे, "मान्यता देणार" म्हणून. तेवढं तरी नीट केलं होतं. काकूंनीच हट्ट धरला होता, "माझ्या सहीशिवाय वही जाणार नाही."

---

वाटीवाली | १७ एप्रिल, रात्री १०:५०

फॉर्म ३५ आज गेला. २० टक्के भरले, स्थगितीचा अर्ज दिला. मुद्द्यांचा क्रम असा ठेवला: जॉइंट कमिशनरच्या मंजुरीचा अभाव, पिरामल ग्लास, मग १३ आणि ३१ चा तक्ता. यादीच्या १० लाखांसाठी काकांची उधारीची डायरी सापडली. १४० दुकानं, कुणाला किती दिवसांची उधारी, कोण दसऱ्याआधी आगाऊ ऑर्डर देतो, कुणाला माल दुपारी एक ते चार पोचवायचा नाही. हे लक्ष्मी रोडवर फिरून गोळा होत नाही.

गाळ्यावरच्या वहीत काकूंच्या चाळीस दिवसांची हजेरी निघाली, कारण त्यांचं रिक्षाभाडं मी रोज व्हाऊचरवर लिहीत होते. फसलेले अकरा घाणेही स्टॉकमध्ये "खराब" म्हणून नोंदलेले. भाऊ तेव्हा म्हणाला होता, कशाला लिहितेस.

काल काका-काकूंना प्रतिज्ञापत्रासाठी नोटरीकडे नेलं. मसुद्यात एका ओळीत "धने भाजून" असं होतं. काकूंनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि टायपिस्टला म्हणाल्या, "भाजून नाही, परतून. आणि कशावर ते पण लिहा." मी ती ओळच काढायला सांगितली. काकू अजून रुसल्यात. म्हणतात, शपथेवर चुकीचं लिहायचं नाही आणि बरोबर लिहू देत नाहीस, मग मला आणलं कशाला?